परक्या देशातल्या बाईसाठी सही का करायची?

(मानवी हक्क दिनानिमित्त कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

शिबिराच्या पत्रकात माझ्या भाषणाचा विषय असा छापलाय: 'सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आणि आंतरराष्ट्रीय मानवी हक्क चळवळ'. सकाळी चहाच्या वेळी एकीने मला हळूच विचारलं, "ताई, तो पहिला शब्द जरा सोपा करून सांगाल ना?" शब्द माझा नाही. आपल्या राज्यघटनेच्या मराठी प्रतीत पंचविसाव्या अनुच्छेदात तो आहे. सत् काय आणि असत् काय हे जिच्यामुळे कळतं ती सदसद्विवेकबुद्धी. घरात बोलताना आपण एवढा लांबलचक शब्द वापरत नाही. आपण म्हणतो, मन खातं. मनाला पटत नाही. जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग. म्हणजे जन वेगळे आणि मन वेगळं, हे आपल्या भाषेला पूर्वीपासून ठाऊक आहे. जन एक सांगतात, मन दुसरं सांगतं. अशा वेळी मनाचं ऐकणाऱ्या माणसाला सुखाने जगू द्यायचं की नाही, एवढाच आजचा विषय आहे.

हा प्रश्न बायकांच्या बाबतीत जास्त टोकदार का होतो, तेही आपल्याला माहीत आहे. लग्न झालं की बाईचं कुलदैवत बदलतं. त्या वेळी तिला कुणी विचारत नाही. पुढे तिने स्वतःहून देव बदलायचा म्हटला, किंवा मला देवच नको असं म्हटलं, की मात्र सगळं गाव गोळा होतं. तिच्यासाठी इतरांनी केलेला बदल चालतो, तिने केलेला चालत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. २०१० च्या डिसेंबरात आमच्या संघटनेच्या बैठकीत एक पत्र सह्यांसाठी आलं. पाकिस्तानच्या राष्ट्राध्यक्षांना लिहायचं होतं. त्या देशात एका शेतमजूर बाईला ईश्वरनिंदेच्या गुन्ह्यासाठी फाशीची शिक्षा झाली होती. आमच्यात एक ज्येष्ठ कार्यकर्ती आहे, आम्ही तिला अक्का म्हणतो. अक्का म्हणाली, "आपलं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! रेशनचा मोर्चा तोंडावर आलाय आणि तुम्ही पाकिस्तानच्या राष्ट्राध्यक्षाला पत्र लिहिताय. तो वाचणार आहे का ते?" तेवढ्यात एक तरुण मुलगी म्हणाली, "माझी अडचण वेगळी आहे. पाकिस्तानच्या विरुद्ध पत्र म्हटलं की आपल्याकडे कुणीही सही देईल. आपल्या वस्तीतल्या मुसलमान बायकांकडे ज्यांनी कधी ढुंकून पाहिलं नाही, तेही देतील. मग आपण नक्की कुणाच्या पंगतीला बसणार?"

एक आक्षेप असा की पत्राचा उपयोग नाही, आणि दुसरा असा की त्याचा दुरुपयोग होईल. दोन्ही खरे होते. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. आज प्रयत्न करते.

त्या बाईचं नाव आसिया बीबी. पंजाबातल्या शेखुपुरा जिल्ह्यातलं इट्टनवाली हे तिचं गाव. २००९ च्या जून महिन्यात ती मजुरीवर फालसे तोडत होती. उन्हाचे दिवस. पाणी आणायला ती गेली, आणि तिथल्या एका पेल्याने स्वतः पाणी प्याली. आसिया ख्रिस्ती. बरोबरच्या बायका म्हणाल्या, तुझ्या हातचं पाणी आम्ही पिणार नाही. त्यावरून बाचाबाची झाली. पाच दिवसांनी गावच्या मौलवीने पोलिसांत तक्रार दिली की या बाईने पैगंबरांचा अपमान केला. मौलवी स्वतः त्या वेळी शेतात नव्हता. साक्षीला उभ्या राहिल्या त्या शेतावरच्या दोघी बहिणी.

मी एवढं वाचून दाखवलं आणि अक्का म्हणाली, "थांब. पाण्यावरून?"

अक्काच्या लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, तांब्याला हात लावू द्यायचे नाहीत. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. त्यानंतर तीस वर्षांनीही अक्काच्या गावात हे चालू होतं. पाकिस्तानी पंजाबातले बहुसंख्य ख्रिस्ती हे पूर्वी अस्पृश्य मानलेल्या जातींमधून आलेले आहेत. धर्म बदलला, देश बदलला, तरी पेला वेगळाच राहिला. झाडूकामही त्यांच्याच वाट्याला राहिलं. म्हणजे वरून धर्माचा दिसणारा हा खटला आतून जातीचा होता, मजुरीचा होता आणि बायकांमधल्या भांडणाचाही होता. अक्का बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तक्रार करणाऱ्याही आपल्यासारख्याच मजूर बाया ना? हे सगळ्यात वाईट."

आता त्या कायद्याबद्दल. आपल्याला वाटतं की हा कायदा 'त्यांचा' आहे. त्याचं मूळ आपलं सामाईक आहे. १८६० च्या इंग्रजांच्या दंड संहितेत धर्मविषयक गुन्ह्यांची कलमं होती. १९२७ मध्ये लाहोरच्या एका पुस्तकावरून वादळ उठल्यावर त्यात २९५-अ हे कलम घातलं गेलं. फाळणीनंतर ते दोन्ही देशांकडे आलं. आपल्या नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम २९९ म्हणून अजून आहे. पाकिस्तानात जनरल झिया उल हक यांच्या राजवटीत १९८६ साली त्यात २९५-क ची भर पडली, पैगंबरांच्या अपमानाला फाशी किंवा जन्मठेप. १९९० मध्ये तिथल्या संघीय शरियत न्यायालयाने फाशी हीच शिक्षा ठरवली. साक्षीदार दोनतीन असले की पुरे, कारण अपमानाचे शब्द न्यायालयात उच्चारणंही धोक्याचं. शेजाऱ्याशी जमिनीचा वाद असो, उधारीचा असो, हे हत्यार हाताशी असतं.

पण आज मला तुम्हाला हत्याराविषयी कमी आणि त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या बायकांविषयी जास्त सांगायचं आहे.

१९७९ मध्ये झिया यांनी हुदूद अध्यादेश आणले. त्यात व्यभिचार हा फौजदारी गुन्हा झाला, आणि बलात्कार सिद्ध करून हद्दची शिक्षा द्यायची तर चार सज्ञान मुसलमान पुरुष साक्षीदार लागायचे. परिणाम काय झाला? साहिवालची एक जवळजवळ अंध मोलकरीण घ्या. मालकाने आणि त्याच्या मुलाने तिच्यावर अत्याचार केले. तिला दिवस गेले. पुराव्याअभावी पुरुष सुटले, आणि पोटातलं मूल हाच तिच्या व्यभिचाराचा पुरावा मानून १९८३ मध्ये तिला तीन वर्षांची कैद आणि पंधरा फटके सुनावले गेले. पाकिस्तानातल्या बायका रस्त्यावर आल्या, बाहेरच्या देशांतून निषेध झाले, आणि वरच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

तुमच्यापैकी ज्या जुन्या आहेत त्यांना इथे मथुराची आठवण झाली असेल. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात जे घडलं, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या पोलिसांना सोडलं, ते सगळं आपल्याच महाराष्ट्रातलं. त्या निकालाविरुद्ध पहिली ठिणगी कशाने पडली? एका पत्राने. १९७९ च्या सप्टेंबरात कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. त्या पत्राच्या प्रती हातोहात गेल्या आणि १९८० मध्ये देशभर मोर्चे निघाले. तेव्हा पत्राने काय होतं हे विचारण्याआधी आपण आपलाच इतिहास आठवावा.

तिकडे १९८१ मध्ये कराचीत वीमेन्स ॲक्शन फोरम स्थापन झाला. १२ फेब्रुवारी १९८३ ला लाहोरला बायका रस्त्यावर उतरल्या. साक्षीच्या नव्या कायद्यात दोन बायकांची साक्ष एका पुरुषाबरोबर धरायचा घाट होता, त्याच्या विरोधात. लष्करी राजवट, सभाबंदी. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. आजही तो दिवस पाकिस्तानात महिला दिन म्हणून पाळतात. आपण मोर्चात 'आझादी'ची जी घोषणा देतो, ती आपल्याला कमला भसीन यांच्याकडून मिळाली, आणि ती आपण झियाच्या काळातल्या पाकिस्तानी मैत्रिणींकडून घेतली, असं त्यांनीच सांगून ठेवलं आहे. म्हणजे देवाणघेवाण आधीपासून आहे. फक्त घेताना आपण हिशेब विचारला नव्हता.

त्या मोर्चेकऱ्यांतलीच एक आस्मा जहांगीर. १९५२ चा लाहोरचा जन्म. बांगलादेशात लष्कराने जे केलं त्याविरुद्ध वडील बोलले म्हणून त्यांना स्थानबद्ध केलं, तेव्हा अजून वीस वर्षांचीही न झालेली ही मुलगी न्यायालयात गेली. १९७२ मध्ये तिच्याच नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याह्याखानची लष्करी सत्ता बेकायदा ठरवली. पुढे बहीण हिना जिलानी आणि इतर दोघींबरोबर तिने बायकांनी चालवलेलं वकिली कार्यालय काढलं. पाकिस्तानच्या मानवी हक्क आयोगाच्या संस्थापकांत ती होती. हा आयोग सरकारी नाही, नागरिकांनी उभारलेला आहे.

१९९३ चा सलामत मसीहचा खटला घ्या. गुजरांवाला जिल्ह्यातला ख्रिस्ती पोरगा, वय अकराबारा-तेरा. आरोप काय, तर मशिदीच्या भिंतीवर निंदेचे शब्द लिहिले. पोराला लिहिता येत नव्हतं. त्याच्याबरोबरच्या एका सहआरोपीला १९९४ मध्ये लाहोरला न्यायालयाच्या जवळच गोळ्या घालून मारलं. १९९५ च्या फेब्रुवारीत पोराला फाशी झाली. आस्मा आणि तिचे सहकारी अपील घेऊन उच्च न्यायालयात गेले. बाहेर जमाव, तिची गाडी फोडली. दोन आठवड्यांत न्यायालयाने पोराला निर्दोष सोडलं. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींपैकी आरिफ इक्बाल भट्टी यांचा १९९७ मध्ये खून झाला.

आस्मा स्वतः मुसलमान. ख्रिश्चनांसाठी लढली, अहमदियांसाठी लढली, पळून लग्न केलेल्या मुसलमान मुलींसाठी लढली. तिचं म्हणणं सरळ होतं. दुसऱ्याच्या मनावर सत्ता चालवायचा हक्क कुणालाच नाही, सरकारला नाही, मौलवीला नाही आणि बापालाही नाही. आपल्या तरुण मैत्रिणीच्या आक्षेपाला पहिलं उत्तर हेच आहे. आसियासाठी पत्र लिहिणं म्हणजे पाकिस्तानच्या विरुद्ध लिहिणं नव्हे. ते आस्माच्या बाजूने लिहिणं आहे.

आता पत्र लिहिण्याची ही रीत कुठून आली ते थोडक्यात. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' या अर्थाचा शब्द होता. तो बदलून 'सर्व माणसं' करायला लावलं ते आपल्या हंसा मेहता यांनी. या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या, मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. त्याच जाहीरनाम्याच्या चर्चेत पाकिस्तानच्या शाइस्ता इक्रामुल्ला यांनी लग्नातल्या समान हक्कांच्या कलमाची बाजू लावून धरली. फाळणीच्या जखमा ओल्या असताना या दोघी एकाच कागदावर काम करत होत्या.

त्यातलं अठरावं कलम आजच्या विषयाचं. विचार, सदसद्विवेकबुद्धी आणि धर्म यांचं स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे, आणि धर्म किंवा श्रद्धा बदलण्याचं स्वातंत्र्यही त्यात येतं. सौदी अरेबियाला हे बदलण्याचं मान्य नव्हतं. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांनी मात्र कुराणाचा आधार देत या कलमाला पाठिंबा दिला. जफरुल्ला खान अहमदिया होते. १९७४ मध्ये त्यांच्याच देशाने घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवलं, आणि १९८४ च्या अध्यादेशाने स्वतःला मुसलमान म्हणवणं हाच त्यांचा गुन्हा झाला. ज्या माणसाने जगासमोर हे स्वातंत्र्य मागितलं, त्याच्याच जमातीचं ते गेलं. जाहीरनामे सरकारं लिहितात आणि सरकारंच विसरतात. आठवण करून देणारं कुणीतरी बाहेर उभं राहावं लागतं.

ते काम नागरिकांनी अंगावर घेतलं. २८ मे १९६१ ला पीटर बेनेन्सन नावाच्या इंग्लिश वकिलाने लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये विसरलेल्या कैद्यांवर लेख लिहिला, आणि त्यातून ॲम्नेस्टी इंटरनॅशनल उभी राहिली. केवळ मतासाठी किंवा श्रद्धेसाठी तुरुंगात गेलेल्या माणसाला तिने नाव दिलं. ते नाव मराठीत करायचं तर 'मनाचा कैदी' म्हणावं लागेल. सुरुवातीचा नियम फार शहाणपणाचा होता. प्रत्येक गटाने तीन कैदी दत्तक घ्यायचे, एक पाश्चात्त्य देशांतला, एक साम्यवादी देशांतला आणि एक तिसऱ्या जगातला. म्हणजे आपल्याला सोयीचं तेवढंच दुःख निवडता येत नाही. अमुक तुरुंगातल्या अमुक नावाच्या माणसासाठी शेकडो साधी माणसं नम्र भाषेत पत्रं लिहितात. तुरुंगाधिकाऱ्याला कळतं की या माणसाकडे कुणाचं तरी लक्ष आहे. एवढंच त्यामागचं यंत्र.

पण पत्रामुळे घात होऊ शकतो, हेही मी सांगितलं पाहिजे. २००२ मध्ये नायजेरियाच्या कात्सिना राज्यात अमीना लवाल या घटस्फोटित बाईला, लग्नाशिवाय मूल झालं म्हणून, दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा सुनावली गेली. जगभर सह्यांच्या मोहिमा निघाल्या. पुष्कळ पत्रांत तारखा चुकीच्या, माहिती चुकीची, आणि भाषा अशी की सगळा धर्मच रानटी. २००३ मध्ये तिचं अपील लढवणाऱ्या 'बाओबाब' या नायजेरियन महिला संघटनेने जगाला कळवलं, कृपा करून ही पत्रं थांबवा. त्यांचा अनुभव होता. आधी झम्फारा राज्यात एका किशोरवयीन मुलीला फटक्यांची शिक्षा झाली, बाहेरून पत्रांचा भडिमार झाला, आणि तिथल्या राज्यपालाने, पाखंड्यांच्या पत्रांना मी भीक घालत नाही, हे दाखवायला अपिलाची वाट न पाहता फटके मारून टाकले. अमीनाचं अपील तिच्या देशातल्या वकिलांनी, शरियतच्याच न्यायालयात, शरियतचेच आधार देऊन लढवलं, आणि २००३ च्या सप्टेंबरात ती सुटली.

यातून मी स्वतःपुरते तीन नियम केले आहेत. पत्र लिहिण्याआधी त्या देशातल्या बायका काय म्हणतात ते विचारायचं. त्यांनी थांबा म्हटलं तर थांबायचं. नाव, तारीख, कलम, न्यायालय तपासल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. आणि कुणाच्या धर्माला शिवी देणारं वाक्य दिसलं, की सही करायची नाही. अफगाण बायकांच्या दुःखाचं नाव घेऊन २००१ नंतर कशी युद्धं विकली गेली ते आपण पाहिलं आहे, आणि वीस वर्षांनी त्याच बायकांना मागे टाकून सगळे कसे निघून गेले तेही पाहिलं आहे.

चौथा नियम अक्काचा आहे, तो सांगण्याआधी आस्माकडे पुन्हा जाऊ. २००४ ते २०१० ती धर्मस्वातंत्र्यासाठी संयुक्त राष्ट्रांची विशेष प्रतिवेदक होती. या कामाला पगार नाही. तक्रार आली की त्या त्या सरकारला पत्र लिहून जाब विचारायचा, सरकारने बोलावलं तर त्या देशात जाऊन पाहायचं, आणि अहवाल मांडायचा. २००८ च्या मार्चमध्ये ती भारतात आली. दिल्ली, काश्मीर, गुजरात, ओरिसा फिरली, मुंबईतही आली. मुंबईत बाळ ठाकरे यांनाही भेटली, कारण दुसरी बाजू ऐकणं हे तिचं कामच होतं. त्या भेटीचा फोटो पाकिस्तानात तिच्या विरोधकांनी वर्षानुवर्षं वापरला. तिकडे ती भारताची हस्तक, इकडे ती पाकिस्तानी. अहवालात तिने आपल्या घटनेचं आणि इथल्या चळवळींचं कौतुक केलं. आणि धर्मांतरबंदीच्या कायद्यांचा फेरविचार करा, अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधू नका, असंही सांगितलं.

आपल्याला हे ऐकायला आवडलं का? तिकडच्या कलमांवर बोलणाऱ्या आस्माला आपण टाळ्या वाजवतो, मग इथल्या कलमांवर बोलणारीही तीच आस्मा आहे. केरळातली हादिया आठवा. चोवीस वर्षांची, शिकलेली मुलगी. तिने मनाने धर्म बदलला, लग्न केलं. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ते लग्न रद्द करून तिला आईबापांच्या ताब्यात दिलं, जणू ती हरवलेली वस्तू. ८ मार्च २०१८ ला, नेमकं महिलादिनी, सर्वोच्च न्यायालयाने तिचं लग्न तिला परत दिलं. उत्तर प्रदेशात २०२१ च्या कायद्याने धर्म बदलायच्या साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. साठ दिवसांत घरातले, जातीतले, गावातले त्या मुलीचं काय करतील, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि आपल्या पंडिता रमाबाई? १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तर पुणं खवळलं. पण तिथल्या धर्मभगिनी जे सांगतील ते सगळं त्यांनी मानलं का? नाही. चर्चच्या अधिकाऱ्यांशीही त्यांनी पत्रांतून वाद घातला, न पटलेलं पटलं म्हणायला नकार दिला. दोन्हीकडचे नाराज झाले. मनाचं ऐकणाऱ्या बाईचं बहुधा असंच होतं.

आता अक्काचा नियम. त्या बैठकीत ती शेवटी म्हणाली, "सही करते. पण एक नाही, दोन पत्रं लिहायची. एक तिकडचं, एक इकडचं." आमच्या तालुक्यात एका कुटुंबाला जातपंचायतीने वाळीत टाकलं होतं. मुलीने जातीबाहेर लग्न केलं, आणि आईबापांनी तिच्याशी संबंध तोडायला नकार दिला, हा गुन्हा. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा आपला कायदा तेव्हा नव्हता, तो २०१६ मध्ये झाला. आम्ही दोन पत्रं लिहिली. एक इस्लामाबादला गेलं, एक तालुक्याच्या कचेरीत. इस्लामाबादहून उत्तर आलं नाही. कचेरीतून तीन महिन्यांनी पोच आली.

पुढे काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे. आसियाला तुरुंगात भेटून तिची बाजू घेतली म्हणून पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना ४ जानेवारी २०११ ला त्यांच्याच अंगरक्षकाने मारलं. दोन महिन्यांनी ख्रिस्ती मंत्री शाहबाज भट्टी मारले गेले. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने फाशी कायम केली. ११ फेब्रुवारी २०१८ ला आस्मा गेली, लाहोरच्या मोर्चाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. तिच्या जनाज्याच्या नमाजला बायका पुरुषांच्या बरोबरीने, पुढच्या रांगांमध्ये उभ्या राहिल्या. आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत म्हणून आसियाला निर्दोष ठरवलं. पुढच्या मे महिन्यात ती कॅनडाला गेली. कायदा आहे तिथेच आहे.

निकाल कळला तेव्हा मी अक्काला फोन केला. म्हटलं, "अक्का, सुटली ती."

"आपल्या पत्राने?"

"वकिलाने सोडवली, न्यायाधीशांनी सोडवली. दहा देशांतून लोकांनी नऊ वर्षं तिचं नाव विसरू दिलं नाही, त्यात आपला एक कागद."

अक्का थोडं थांबून म्हणाली, "आणि आपल्याकडचं ते कुटुंब? त्यांच्या घरी परवाच्या लग्नात जातीतलं कुणी गेलं होतं का, ते विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेले. चार घरं आली होती, बाकीची अजून येत नाहीत.

मैत्रिणींनो, बाहेरच्या टेबलावर दोन वह्या ठेवल्या आहेत. एक दूरच्या पत्रासाठी, एक जवळच्या. सही करायची तर दोन्हींत करा. आणि करण्याआधी दोन्ही पत्रं वाचा, नावं नि तारखा तपासा. चूक सापडली तर मला सांगा, मी दुरुस्त करून आणते.